पीडीएफची जिल्द

बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी पीडीएफ मागायला आलं, की काका आधी विचारायचे, "हात धुतले का?"

मुलं हसायची. पीडीएफला कसले हात लावायचे? काका मात्र गंभीर असायचे. ते स्वतः कीबोर्डला बोट लावण्याआधी मागच्या नळावर जाऊन साबणाने हात धुवायचे, खांद्यावरच्या पंचाला पुसायचे आणि मगच खुर्चीत बसायचे. आमच्याकडे बाइंडिंगला जिल्द म्हणतात. काका त्या कामावर लागलेले. त्यांच्या हातांना कायम चिकटवायची खळ लागलेली असायची, आणि खळीच्या हातांनी कोरं पान धरायचं नाही, ही जुनी शिस्त. पुढे खळ सुटली, पान पडद्यावर गेलं, तरी शिस्त सुटली नाही.

मी सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, तेव्हा जिल्दीचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. मासिकं येत नव्हती, नवी पुस्तकं क्वचित यायची. शेवटच्या कपाटामागे काकांची चिंचोळी खोली होती. तिथल्या टेबलावर डावीकडे लाकडी शिकंजा, म्हणजे नव्या जिल्दीचं पुस्तक दाबून ठेवायचं यंत्र, आणि उजवीकडे पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर. लॅबमधली जुनी मशीनं भंगारात निघाली तेव्हा कंत्राटावर आलेल्या एका तरुण सरांनी त्यातल्या एकावर लिनक्स बसवून दिलं होतं, कारण दुसरं काही त्यावर चालतच नव्हतं. वर्षभर त्यांनी काकांना शिकवलं आणि मग ते इंदूरला निघून गेले. त्यानंतर त्या मशीनला कॉलेजात दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

"कोणाले नको असते ते माझ्याकडं येते," काका म्हणायचे. "फाटेल पुस्तकं बी तशीच येत."

काका मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखीची होती. जिल्दीच्या पाठीवर सोनेरी नाव उठवायचं तर पितळी अक्षरं एकेक करून उलटी जुळवावी लागतात, तापवावी लागतात आणि एकदाच दाबावी लागतात. एक अक्षर चुकलं की चामडं वाया. लिनक्सच्या त्या काळ्या खिडकीत हुकूम लिहिणं त्यांना याच जातीचं काम वाटलं. अर्थ नाही कळला तरी चालेल, अक्षर चुकता कामा नये. ते एका बोटाने प्रत्येक कळ इतकी जोर लावून दाबायचे, की मी आल्यापासून तीन कीबोर्ड बदलले.

हुकूम लिहायला त्यांनी वही केली नव्हती. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांवर एकेक हुकूम लिहिला होता, वर भोक पाडून दोरा ओवला होता आणि सगळ्या पट्ट्या खिळ्याला टांगल्या होत्या. पट्टीच्या डोक्यावर मराठीत कामाचं नाव. दोन पीडीएफ जोडायच्या असल्या की ती 'शिवण'. वेगळ्या करायच्या तर 'उसवण'. कडा छाटायच्या तर 'कटाई', आणि आकार लहान करायचा तर अर्थातच 'शिकंजा'. पासवर्ड लावायची पट्टी तेवढी नव्हती. ती त्या सरांनी लिहून दिली होती, काकांनी फाडून टाकली. "पुस्तकाले कुलूप कोणी लावते का?"

खरं सांगायचं, तर पहिल्या वर्षी मला ते असह्य व्हायचे. एकदा घाईत दोन पत्रकं जोडून हवी होती. एक मिनिटाचं काम. काकांनी प्रत्येक पान उघडून पाहिलं आणि म्हणाले, "तिसरं पान तिरपं आहे."

"असू द्या काका, चालेल."

"तुमाले चालेल. पानाले नाही चालत."

पान सरळ होईपर्यंत माझी बस गेली.

त्याहून मोठा घोळ कॉलेजच्या वार्षिक अहवालाचा झाला. पुस्तकाच्या सुरुवातीला आणि शेवटी जे कोरं पान चिकटवतात त्याला अस्तर म्हणतात. काका प्रत्येक पीडीएफला पुढे-मागे अस्तर लावायचे. एवढ्यावर भागलं असतं. पण अहवाल विद्यापीठात जाणार म्हणून त्यांनी कपाटातून अबरीचा कागद काढला, तो लाटालाटांचा रंगीत कागद, जो पूर्वी चांगल्या जिल्दीत आतून लावायचे. तो त्यांनी स्कॅन करून अहवालाला दोन्ही बाजूंनी जोडला. विद्यापीठाच्या पोर्टलने अहवाल घेतलाच नाही, आकार मोठा झाला म्हणून. शेवटचा दिवस. प्राचार्य साहेब स्वतः त्या चिंचोळ्या खोलीत आले.

"काका, ये रंगीन काग़ज़ क्या है? हटाइए इसे."

काका उठून उभे राहिले. "साहब, इतने बड़े ऑफिस में किताब नंगी भेजोगे?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेवटी तह झाला. अबरी काढली, साधं कोरं अस्तर ठेवलं, अहवाल गेला. पुढे दोन दिवस काका मला सांगत होते, की त्या अबरीशिवाय अहवाल हलका वाटतो.

अशा माणसाला वैशाली भेटली.

ती फोपनारची. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली होती. एमए करत होती, विषय इतिहास. तिचा मोठा भाऊ तिला मोटरसायकलवर आणायचा आणि वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसून हळू आवाजात पुस्तक वाचून दाखवायचा. आपल्या भागाच्या इतिहासावरचं एक जुनं हिंदी पुस्तक तिला परीक्षेसाठी लागत होतं. बाजारात मिळत नव्हतं, आमच्याकडे एकच प्रत होती, म्हणून ती बाहेर द्यायची नव्हती. त्या वर्षी भावाला रावेरला केळीच्या गाड्या भरण्याच्या कामावर देखरेखीला ठेवलं. तो सकाळी तिला सोडून निघून जाऊ लागला, आणि वैशाली पुस्तक मिटून समोर ठेवून नुसती बसू लागली.

मी तिला अगदी सहज म्हटलं, "काळजी करू नकोस. काका पीडीएफ करून देतील. तुझा फोन वाचून दाखवतो ना?"

"सगळं वाचते मॅडम. मेसेज, पेपर, सगळं."

काकांनी आठ दिवस घेतले. एकेक पान स्कॅन केलं, सरळ केलं, कडा छाटल्या, अस्तर लावलं. वैशालीच्या फोनमध्ये ती पीडीएफ घालून ते समोर उभे राहिले, हात पुढे बांधून. दाद घ्यायला उभं राहावं तसे.

वैशालीने फोन कानाशी धरला. फोनमधली बाई म्हणाली, "पेज एक. कोई टेक्स्ट नहीं."

काका हसले. "ते अस्तर आहे बेटा. कोरंच राह्यते."

"पेज दो. कोई टेक्स्ट नहीं. पेज तीन. कोई टेक्स्ट नहीं."

वैशालीने बोटाने पुढची पानं सरकवली. अकरा, बारा, वीस. फोनमधली बाई त्याच थंड आवाजात तेच सांगत राहिली. काकांचं हसू उतरत गेलं.

"असं कसं? सगळं आहे ना त्यात. मी सोता पाहेल आहे."

"आहे काका," वैशाली सांभाळून बोलत होती, "पण ते पानाचे फोटो आहेत. फोनले फोटोमधलं अक्षर समजत नाही. टेन्शन नका घेऊ, होते असं. दुसऱ्या ठिकानच्या पीडीएफ बी अशाच राहतात."

काका वळले. आत जाऊन त्यांनी मशीन बंद केलं. दोन दिवस त्यांनी ते उघडलं नाही. जुन्या रजिस्टरांच्या पाठी चिकटवत बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, आपल्याकडं पीडीएफ किती झाल्या?"

"चारेकशे असतील."

"सगळे फोटोच?"

"हो काका."

"मंग इतके दिवस मी बांधलं काय?"

त्याच पीडीएफच्या भरवशावर दरवर्षीच्या अहवालात 'डिजिटल ग्रंथालय' हे दोन शब्द मी मोठ्या टाइपात लिहीत होते. एखाद्याला त्यातलं काहीच वाचता येणार नाही, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. मी ग्रंथशास्त्राची पदवी घेतलेली, आणि लाज वाटत होती काकांना.

त्या दुपारी मी शोधाशोध केली. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारे प्रोग्राम लिनक्सवर होते, फुकट होते. मी माझ्या फोनवर पाहून एकेक अक्षर सांगितलं आणि काकांनी एका बोटाने हुकूम टाइप केला. दहाव्या पानावर चालवून पाहिलं. जो मजकूर निघाला तो इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांची खिचडी होती. फोनमधली बाई तो वाचता वाचता अडखळली, तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा काका हसले. मग कळलं, की हिंदीचा संच वेगळा मागवून घ्यावा लागतो आणि हुकुमात भाषा सांगावी लागते. ते केलं. पुन्हा चालवलं. फोन बोलू लागला, "ताप्ती नदी के उत्तरी तट पर बसा यह नगर..."

काकांनी पंचाने तोंड पुसलं. नवी पट्टी कापली, हुकूम उतरवला आणि डोक्यावर लिहिलं, 'वाचा'.

पण काम सोपं नव्हतं. पुस्तक जाड, उघडून काचेवर ठेवलं तरी मधली शिवण वर उचलली जायची. आतल्या बाजूच्या ओळी वाकायच्या, सावली पडायची आणि प्रत्येक ओळीतले शेवटचे दोन-तीन शब्द बिघडायचे. काकांनी पुस्तक दाबून पाहिलं, काचेवर वजन ठेवून पाहिलं. मग एके सकाळी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

"उसवावं लागते."

मी दचकले. "काका, एकच प्रत आहे. पानं सुटली आणि एखादं गेलं तर?"

"नाही जात."

"जिल्द चांगली आहे हो."

"चांगलीच राहीन. माझ्याच हाताची आहे. लग्न झालं त्या साली बांधेल आहे."

पुस्तकाची पाठ मोडेल म्हणून ते कुणाला पुस्तक पालथं ठेवू देत नसत. मी रजिस्टरमध्ये 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलं आणि सही केली. प्राचार्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर समिती बसली असती आणि परीक्षा निघून गेली असती.

काकांनी पुस्तक दोन्ही हातांत धरलं, पाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि पातं घातलं. टाके इतके घट्ट होते, की पहिला दोरा कापताना आवाज आला. मी बाहेर निघून गेले. तासाभराने आले तर टेबलावर सगळी पानं सुटी, चळत लावून ठेवलेली होती आणि काका स्कॅनरवर एकेक पान ठेवत होते.

मजकूर आता बराच नीट येऊ लागला, पण चुका राहायच्याच. काका पानाकडे पाहून चुका शोधायचा प्रयत्न करायचे आणि थकायचे. वैशाली म्हणाली, "मी ऐकते काका. चुकलं की कानाले लगेच लागते. तुम्ही पुस्तकात पाहून सांगा."

तसं सुरू झालं. ती शिकंज्याजवळच्या स्टुलावर बसायची, काका सुट्या पानांसमोर. ती फोन इतका वेगात लावायची, की काकांना एक शब्द समजायचा नाही. "हे बाई बोलून राह्यली का गिरणी चालू आहे?" वैशाली मध्येच थांबवायची. "काका, बादशाहजवळ दहा हजार धोडे होते म्हणे." काका पान पाहायचे. "घोडे, बेटा, घोडे." दोघंही हसायची. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', 'ब'चा 'व'. कुठे चूक होते हे काकांना इतकं पाठ झालं, की वैशालीने थांबवायच्या आत ते म्हणायचे, "आता तो अकवर येईन पाह्य."

एकदा वैशालीने एका वाक्याशी फोन थांबवला आणि पुढे लावलाच नाही.

"काय झालं?"

"'मानचित्र देखिए' म्हणते, आन पुढं जाते. फौज कुठून आली, नदी कुठं उतरली, सगळं त्या मानचित्रातच आहे. भाऊ बी हे पान सोडूनच द्यायचा."

काकांनी नकाशाचं पान हातात घेऊन पाहिलं. त्यावर कुठलाही हुकूम चालणार नव्हता. खिळ्यावरच्या पट्ट्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. खालच्या खणातून पुठ्ठा काढला, पेन्सिलीने नकाशा मोठा करून उतरवला आणि रेघांवर खळ लावून शिवणीचा दोरा चिकटवत बसले. नदीला जाड दोरा, रस्त्याला बारीक. डोंगरासाठी चामड्याचे कपटे. दुसऱ्या दिवशी खळ वाळल्यावर पुठ्ठा वैशालीच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट धरून दोऱ्यावर टेकवलं.

"हे तापी."

वैशालीचं बोट जाड दोऱ्यावरून हळूहळू सरकलं. "इकडून तिकडं जाते?"

"उगवतीकून मावळतीले. हे बुऱ्हाणपूर. हा वर असीरगड, हात लाव, उंच लागीन. फौज इथून आली."

ती किती तरी वेळ बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "आन फोपनार?"

"पुस्तकात नाही दाखवेल."

"नाही का," ती म्हणाली.

काकांनी सुईत दोरा ओवला, पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि मागून एक गाठ वर काढली. "आता आहे."

वैशालीचं बोट त्या गाठीवर थांबलं आणि तिथून नदीपर्यंत गेलं, पुन्हा परत आलं. "इतकं जवळ आहे?" ती म्हणाली. नदी तिच्या गावापासून कुठल्या बाजूला आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी असं दाखवलं नव्हतं. मी दारात उभी होते. आत जावंसं वाटेना.

परीक्षेला दहा दिवस असताना पुस्तक पुरं झालं. सव्वातीनशे पानं. पेपराला तिच्यासोबत लेखनिक म्हणून खालच्या वर्गातली एक मुलगी होती. नंतर त्या मुलीने मला सांगितलं, की एका प्रश्नाला वैशाली उत्तर सांगताना बाकावर सारखं बोट फिरवत होती. पर्यवेक्षकांनी विचारलं, "ये क्या कर रही हो?" तर म्हणाली, "सर, फौज नदी पार कर रही है."

ती पहिल्या वर्गात पास झाली. निकाल सांगायला भावासोबत आली, तेव्हा काका त्या पुस्तकाची जिल्द पुन्हा बांधत होते. तीच पानं, नवा दोरा. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून त्यांनी एक खिसा केला होता आणि त्यात तो दोऱ्याचा नकाशा ठेवला होता. निकाल ऐकून ते उठले, वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, आता बाकीच्या चारशेचं काय करायचं?"

वैशाली आता इच्छापूरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. दर महिन्याला मला फोन करून सांगते, कुठल्या पुस्तकात कुठे चुकलं आहे. खंडव्याची दोन आणि नेपानगरचा एक, अशी तीन दृष्टिहीन मुलं आमच्याकडून पुस्तकं घेऊन ऐकतात. काका मागच्या वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी प्राचार्यांना एकच गोष्ट मागितली, ते पिवळट मशीन. साहेबांनी नवा कीबोर्ड घालून ते दिलं. काका घरी बसून उरलेली पुस्तकं 'बोलकी' करतात आणि मी पेन ड्राइव्हमध्ये घेऊन येते.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्याकडे, बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला गेले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, काका शेजारी बसले होते. मध्ये डब्याला टेकवून फोन ठेवला होता आणि त्यातून तेच पुस्तक वाचलं जात होतं. अगदी सावकाश लावलं होतं. काकूंनी मला बसायला पाट सरकवला आणि ओठांवर बोट ठेवलं. पान संपल्यावर काकांनी फोन थांबवला.

"हा मानूस चाळीस वर्ष पुस्तकं घरी आनून राह्यला," काकू मला म्हणाल्या. त्या शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. "दाबाले वजन पाहिजे म्हणून मी त्यावर पाटा ठेवेल आहे. पन आत काय राह्यते, हे कधी सांगेल नाही."

"मी काय सांगणार," काका म्हणाले. "मी बी कुठं वाचेल होती? बांधाची घाईच राहे."

काकूंनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "बरं, ते राहू द्या. पुढं लावा. ती बादशाहची बेगम बाळंतपनात गेली, आपल्या किल्ल्यातच गेली बाई. मंग त्या लेकराचं काय झालं? जगलं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. त्यांनी बोट लावलं, आणि फोनमधली बाई पुढचं पान वाचू लागली.